कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल: कोल्हापूरच्या थंडीत कधी लावायचं, कधी कापायचं

कृष्णाकाठ (शिरोळ)

पाऊस उघडत आला की दरवर्षी तोच फोन येतो. "फ्लॉवरचं रोप टाकू का आता?" वाण कुठला म्हणून विचारलं की उत्तर मिळतं, "दुकानात होतं ते घेतलंय, चांगलं आहे म्हणाला." निम्मं पीक तिथंच हातातून गेलेलं असतं. म्हणून हा धागा काढतोय. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, मुळा, मोहरी ही सगळी एका कुळातली. फुलावर आली की चार पाकळ्यांवरून ओळख पटते. पण थंडीशी प्रत्येकाचं नातं वेगळं आहे, आणि आपली थंडी म्हणजे निफाडची थंडी नव्हे.

आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा साधारण १४ ते १६ अंशांवर येतो आणि दुपारी पुन्हा ३० च्या जवळ जातो. फ्लॉवर हे पीक गड्डा धरायच्या वेळी हवेत किती ऊब आहे हे बघून चालतं. पुसा मेघना, पुसा दीपाली यांसारखे लवकरचे वाण सरासरी २० ते २७ अंशांत गड्डा धरतात. पुसा शरदसारख्या मध्यम वाणांना १६ ते २० लागतं, त्याच्या पुढच्यांना १२ ते १६, आणि स्नोबॉल गटाला १० ते १६. आता आपल्या दिवस-रात्रीची सरासरी काढून बघा. भर थंडीतसुद्धा ती २० च्या वर राहते. म्हणजे पुसा स्नोबॉल-१ इथं लावला तर पाला कमरेपर्यंत येईल आणि गड्ड्याची वाट बघत बसावं लागेल. तो वाण वाईट नाही, तो हिमाचलसारख्या थंड मुलखाचा आहे. उलट लवकरचा वाण उशिरा लावला आणि थंडीत सापडला, तर रोप अंगानं भरायच्या आधीच गड्डा धरतं आणि लिंबाएवढं बटण हातात येतं.

आपल्या जिल्ह्यासाठी माझा हिशेब असा आहे. लवकरच्या फ्लॉवरचं रोप आषाढ-श्रावणात टाकायचं, पण फक्त निचऱ्याच्या रानासाठी. मध्यम वाणाचं रोप गणपतीच्या आसपास, आणि लावण दसऱ्याच्या सुमारास. कोबी यापेक्षा सोसणारा. गोल्डन एकर लावणीपासून ६०-६५ दिवसांत एक ते दीड किलोचा गोल गड्डा देतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लावणीला आपल्याकडं उत्तम जमतो. खासगी संकरित वाण घेणार असाल तर पाकिटावर हंगाम आणि दिवस छापलेले असतात. ते वाचून घ्या. पाकीट आणि पावती दोन्ही पीक निघेपर्यंत जपून ठेवा, बियाण्याची तक्रार करायची वेळ आली तर त्याशिवाय कोणी दाद घेत नाही.

काढणीवर मला बरंच बोलायचं आहे, पण आधी रोपवाल्यांचं ऐकू.

रोपवाटिका (हातकणंगले)

कृष्णाकाठ, वाणाचं पटलं. त्यात रोपाच्या वयाची भर घालतो. कोबी-फ्लॉवरचं रोप २५ ते ३० दिवसांचं, चार-पाच पानांचं असताना रानात गेलं पाहिजे. पावसानं रान वाफशावर (मशागतीजोग्या ओलीवर) येत नाही म्हणून लोक ट्रे आमच्याकडंच ठेवायला सांगतात. पंधरा दिवस जादा बसलेलं रोप वरून हिरवं दिसतं, पण खालचं खोड लाकडासारखं कडक आणि जांभळट झालेलं असतं. अशा रोपाला पुढं कितीही खत घाला, त्याचं बटणच होतं.

रोप घेताना ट्रेमधलं एक रोप कोकोपीटसकट उपसून हातात घ्या. मुळ्या पांढऱ्या, गड्डीला धरून पण मोकळ्या दिसल्या पाहिजेत. तपकिरी होऊन तळाशी गुंडाळी झालेली असेल तर ट्रे परत करा, रोपवाटिकावाल्याला वाईट वाटेल याची फिकीर करू नका. आणि टोकाचा कोंब बघा. ज्याला मधला कोंबच नाही ते रोप जगतं, जाड पानं काढतं आणि शेवटपर्यंत गड्डा धरत नाही.

घरच्या गादीवाफ्यावर करणाऱ्यांसाठी: तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच वाफा. बी ओळीत टाका, फेकून नको. दाट झालेलं रोप पहिल्या ढगाळ आठवड्यात बुडाशी काळं पडून कोलमडतं. घाण्या रोग (पानाच्या शिरा काळ्या पाडणारा) बियाण्यातूनही येतो, त्यामुळं प्रक्रिया न केलेलं कोबीचं बी ५० अंश गरम पाण्यात ३० मिनिटं ठेवून सावलीत सुकवून टाकतात. फ्लॉवरचं बी नाजूक, त्याला २० मिनिटं पुरे. पण हे थर्मामीटर असेल तरच करा. अंदाजानं केलं तर बी शिजतं. कंपनीनं आधीच प्रक्रिया केलेल्या बियाण्याला पुन्हा हे करू नका.

घनसाळ (आजरा)

आमच्याकडं तांबडी जमीन, पाऊस भरपूर. यंदा फ्लॉवरची पानं विचित्र झालीत. पानाचा पसाराच नाही, मधली शीर तेवढी लांबत चाललीय, कडेला फाटकी पट्टी. शेजारी म्हणतात व्हायरस आहे, उपटून टाक. उपटू का? फोटो चढत नाही, पण वर्णन नेमकं केलंय.

कृषीपदवीधर (कोल्हापूर)

घनसाळदादा, उपटायच्या आधी माती बघा. तुम्ही लिहिलंय तसं पान मॉलिब्डेनम या सूक्ष्म अन्नद्रव्याच्या कमतरतेत होतं. याला व्हिपटेल म्हणतात, पान चाबकाच्या वादीसारखं दिसतं म्हणून. आजरा, चंदगड, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पट्ट्यात धो धो पावसानं चुना धुऊन जातो, जमीन आंबट होते, आणि आंबट जमिनीत मॉलिब्डेनम असूनसुद्धा मुळांना मिळत नाही. म्हणून पहिला उपाय चुन्याचा. किती घालायचा ते सामू (पीएच, म्हणजे जमीन किती आंबट ते) तपासल्याशिवाय सांगता येत नाही. या कुळाला साडेपाच ते साडेसहा सामू मानवतो. माती तपासून घ्या, कृषी विभागाची प्रयोगशाळा कोल्हापुरात आहे. चुना लावणीच्या आधी महिनाभर तरी मातीत मिसळलेला हवा. सोबत सोडियम मॉलिब्डेट हेक्टरी एक ते दीड किलो, म्हणजे एकरी ४०० ते ६०० ग्रॅम. याची गरज इतकी थोडी असते की जास्त घालून काही मिळत नाही.

उभ्या पिकात अमोनियम किंवा सोडियम मॉलिब्डेटची अगदी सौम्य फवारणी करून नवीन पान सरळ येतं का ते बघा. आलं तर व्हायरस नव्हता. मात्र ज्या झाडांचा मधला शेंडाच गेलाय ती सुधारणार नाहीत.

दुसरं, एक रोप मुळासकट उपटून बघाच. मुळांवर सुजल्यासारख्या गाठी असतील तर तो मुळांच्या गाठीचा रोग. तोही आंबट, पाणथळ जमिनीतच माजतो आणि त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तसं निघालं तर त्या तुकड्यात कोबीकुळातलं काहीही बरीच वर्षं नको.

घनसाळ (आजरा)

मुळं बघितली, स्वच्छ आहेत, गाठी नाहीत. फवारणी करून घेतो आणि इथंच सांगतो. लगेच लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी उद्या रोटर फिरवून सगळं मोडणार होतो.

कृष्णाकाठ (शिरोळ)

पदवीधर, बोरॉनचंही लिहा. आमच्या मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानात मॉलिब्डेनमची तक्रार नाही, पण गड्ड्यावर तपकिरी डाग आणि कापल्यावर खोड आत पोकळ, हे दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या शेतात दिसतं.

कृषीपदवीधर (कोल्हापूर)

हो, ते बोरॉनच. हेक्टरी १० ते १५ किलो बोरॅक्स लावणीच्या वेळी शेणखतात मिसळून, किंवा उभ्या पिकात पाव टक्क्याची फवारणी. नुसतं खोड पोकळ आहे आणि डाग नाहीत, तर नत्र जास्त होऊन झाड भराभर वाढलेलं असतं. दोन्हींतला फरक ओळखा, नाहीतर युरिया वाढवत नेऊन बोरॉनला दोष दिला जातो. शिफारस साधारण हेक्टरी १५० ते १६० किलो नत्र आणि त्याच्या निम्मं स्फुरद, निम्मं पालाश. एकराला नत्र ६० ते ६५ किलो धरा. निम्मं नत्र लावणीला, उरलेलं महिन्याच्या आत. गड्डा धरल्यावर युरिया टाकायची आपल्याकडं सवय आहे. त्यानं कोबी पोचट होतो, फुटतो आणि वाटेतच सडायला लागतो.

सरीवरंबा (करवीर)

ऊसवाल्यांचा प्रश्न. पूर्वहंगामी लावण ऑक्टोबर-नोव्हेंबरात करतो, साडेचार-पाच फुटी सरी. मधे कोबी धरला तर ऊस मार खातो असं घरातले थोरले म्हणतात. खरं काय?

कृष्णाकाठ (शिरोळ)

सरीवरंबादादा, थोरल्यांचं म्हणणं एका ठिकाणी खरं आहे. कोबीला वेगळं खत न घालता उसाच्याच खतावर दोघांना जगवलं तर ऊस मार खाणारच. कोबीचा डोस त्याच्या क्षेत्राच्या हिशेबानं वेगळा द्या. बाकी पूर्वहंगामी ऊस आणि कोबी-फ्लॉवर ही जोडी आपल्या जिल्ह्यासाठी अगदी योग्य आहे. ऊस उगवून फुटवे धरेपर्यंत पहिले तीन महिने जागा मोकळी असते, आणि कोबी तेवढ्यात निघून जातो. वरंब्याच्या बगलेला एक ओळ, रोपांत दीड फूट. वाण ६०-७० दिवसांचाच घ्या. ९० दिवसांचा घेतलात की मोठ्या बांधणीला (उसाला माती लावायला) अडतो, आणि बांधणी लांबली की उसाचं नुकसान भाजीच्या पैशात भरून निघत नाही.

पाल्याचं मात्र जपून. निरोगी पाला सरीत गाडला तर चांगलंच. पानांच्या कडेपासून आत निमुळता होत जाणारा पिवळा त्रिकोण आणि त्यात काळ्या शिरा दिसल्या असतील तर तो घाण्या रोग. तो पाला शेताबाहेर काढून नष्ट करा.

क्षारपड रानात या भानगडीत पडू नका. रोप लहान असताना त्याला क्षार अजिबात सोसत नाहीत.

मळीचं_रान (शिरोळ)

पुरानं बुडणाऱ्या रानाचं काय करायचं? २०१९ आणि २०२१ ला आमचं सगळं पाण्याखाली होतं. गाळ बसला की माती झकास होते, पण लावण लांबते.

कृष्णाकाठ (शिरोळ)

लावण लांबली की वाण बदला, हेच उत्तर. पूर ओसरून वाफसा यायला सप्टेंबर उजाडला तर लवकरचा फ्लॉवर सोडून द्या आणि मध्यम वाणाकडं किंवा सरळ कोबीकडं वळा. रोपं मात्र नदीकाठी टाकू नका. गावठाणाजवळ, उंचावर ट्रेमध्ये करा, म्हणजे पाणी आलं तरी रोप वाचतं. आणि गाळाची जमीन वरून सुकलेली दिसली तरी टाच दाबून बघा. खाली ओल धरून असेल तर आठवडा थांबा. चिखलात कोंबलेलं रोप मान टाकतं.

निंबोळी (कागल)

आता अळीचं बोला राव. आमच्या कोबीची चाळण झालीय. दुकानातली तीन औषधं मारून झाली.

कृषीपदवीधर (कोल्हापूर)

आधी अळी ओळखू. बारीक, हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. काडीनं टोचली की मागं सरकत तडफडते आणि धाग्याला लटकून खाली लोंबते. असं असेल तर तो चौकोनी ठिपक्याचा पतंग. पतंग मिटून बसला की पाठीवर तीन फिकट चौकटी दिसतात. लहान अळी पानाच्या खालून खरवडते आणि वरचा पापुद्रा ठेवते, पान उन्हात धरलं की खिडक्यांतून उजेड यावा तसं दिसतं.

औषध लागू पडत नाही त्याचं कारण आहे. उबदार हवेत हिची पिढी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते, त्यामुळं एकच औषध परत परत मारलं की त्याला दाद न देणारी पिढी तयार होते. शेतात अळ्या मारणाऱ्या बीटी जिवाणूलासुद्धा पहिल्यांदा दाद द्यायची बंद झाली ती हीच कीड. म्हणून औषधाचा गट बदलत राहायचा, आणि खरं काम लावणीच्या आधी करायचं.

ते काम म्हणजे मोहरी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ही शिफारस आहे आणि ती स्वस्त आहे. कोबीच्या दर २५ ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी. पहिली कोबीच्या लावणीआधी १५ दिवस पेरायची, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी, म्हणजे पहिली वाळायला लागली की दुसरी कोवळी असते. पतंगाला आणि माव्याला मोहरी कोबीपेक्षा आवडते. अंडी तिच्यावर पडतात. औषध मारायचंच तर बराच भाग मोहरीवर मारून भागतं.

निंबोळी (कागल)

मोहरीचं पुढच्या वेळी नक्की. आत्ता उभ्या पिकाला काय करू? गड्डे अजून मुठीएवढेच आहेत.

कृष्णाकाठ (शिरोळ)

ताई, या वेळेला निंबोळी अर्क चालेल. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, शंभर लिटर करा आणि त्यात २०० ग्रॅम साबण विरघळवा. साबण टाळू नका. कोबीच्या पानाला मेणाचा थर असतो, नुसतं पाणी मारलं तर थेंब घरंगळून मातीत जातात. फवारणी दिवस मावळताना, पानाच्या खालच्या बाजूला. बीटी मारणार असाल तर तेही संध्याकाळीच, उन्हात त्याचा जोर लवकर जातो.

आणि रासायनिक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांच्यामधले दिवस दिलेले असतात, ते पाळा. फ्लॉवरच्या गड्ड्यात मारलेलं आत बसून राहतं, ते धुऊन जात नाही. आपलीच माणसं ती भाजी खाणार आहेत.

गच्चीबाग (राजारामपुरी)

आम्ही शेतकरी नाही, गच्चीवर कुंड्या आहेत. यातलं काय जमण्यासारखं आहे?

रंकाळा (फुलेवाडी)

गच्चीबाग ताई, नवलकोलपासून सुरुवात करा. व्हाइट व्हिएन्ना नाहीतर पर्पल व्हिएन्ना, ५५-६० दिवसांत येतो, जागा कमी लागते. गड्डा पाच ते सात सेंटिमीटरचा झाला की काढायचा. मोठा करायच्या मोहात तो आतून दोरे धरतो, मग शिजत नाही. कोवळी पानं टाकू नका, डाळ घालून भाजी फार छान होते.

ब्रोकोलीला बारा इंची कुंडी, एका कुंडीत एकच रोप, सहा तास ऊन. केटीएस-१ किंवा पालम समृद्धी मिळाली तर घ्या. मधला गड्डा घट्ट, कळ्या मिटलेल्या असताना दहा-पंधरा सेंटिमीटर दांड्यासकट कापा. एखादी कळी पिवळी दिसायला लागली की उशीर झाला. झाड उपटायचं नाही. बगलेतून छोटे तुरे येत राहतात आणि घरापुरती भाजी पुढं कितीतरी दिवस मिळते.

मुळा सरळ पेरायचा, रोप करून लावायचा नाही. ताजं शेणखत घातलं की मुळ्याला फाटे फुटतात. उन्हाळ्यात पुसा चेतकी, थंडीत दुसरे वाण. आणि दोन मुळे काढायचेच नाहीत, फुलावर येऊ द्यायचे. मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरतात. कोवळ्या डिंगऱ्यांची कांदा-लसूण मसाला घालून केलेली भाजी मंडईत शोधून मिळत नाही हल्ली. माझी आजी कपिलतीर्थ मंडईतून हुडकून आणायची.

मार्केटयार्ड (कोल्हापूर)

शाहू मार्केट यार्डात माल बघणारा माणूस म्हणून लिहितो. कृष्णाकाठ काढणीवर लिहिणार म्हणालेत, त्याआधी आमची बाजू ऐका.

सौद्याला पोतं फोडलं की घेणारा पहिल्यांदा गड्डा हातात घेऊन अंगठ्यानं दाबतो. कोबी दबला की भाव तिथंच पडला. मग देठाचा काप बघतो. पांढरा, ओला काप म्हणजे आजचा माल. तपकिरी म्हणजे काल-परवाचा. फ्लॉवरचा गड्डा उलटा करून बघतात, खालच्या दांड्यांत फट पडलीय का. घरगुती गिऱ्हाईक किलोभराचा कोबी मागतं, अडीच किलोचा हॉटेलवाले आणि चायनीजच्या गाड्यावाले नेतात. म्हणून लावणीचं अंतर ठरवतानाच गिऱ्हाईक कोण ते ठरवा. दीड बाय दीड फुटावर एकरी १९-२० हजार रोपं बसतात आणि गड्डा मध्यम येतो. दोन फुटी ओळ धरली की रोपं कमी बसतात, गड्डा मोठा येतो.

आणि बेळगाव भागातला कोबी ज्या दिवशी जोरात उतरतो त्या दिवशी आपला भाव पडतो. आदल्या दिवशी आवक विचारून मगच कापा. तुम्ही फोन केलात तर आम्ही सांगतो, त्यात आमचं काही जात नाही.

कृष्णाकाठ (शिरोळ)

मार्केटयार्ड साहेब, हे तुमच्याकडूनच यायला हवं होतं. आता काढणीचं.

भाव पडलाय म्हणून थांबणं कोबीला थोडंफार जमतं, फ्लॉवरला अजिबात जमत नाही. हा फरक मनात पक्का करा. कोबी भरून घट्ट झाला की पाणी तोडा. रानात ताण बसलेला असताना अचानक पाणी दिलं किंवा पाऊस झाला की आतला गाभा फुगतो आणि गड्डा उभा तडकतो. थोड्या गड्ड्यांचा प्रश्न असेल तर गड्डा दोन्ही हातांत धरून पाव फेरा फिरवा, बारीक मुळ्या तुटतात, पाणी ओढणं कमी होतं आणि फुटणं आठवडाभर तरी लांबतं. एकरभर रानात हे शक्य नाही, पण परसबागेत जरूर करा.

फ्लॉवरचं वेगळं. गड्डा म्हणजे अजून न उमललेला फुलोरा, आणि तो उमलायची घाई करत असतो. सकाळी घट्ट, गुळगुळीत दिसलेला गड्डा उष्ण दिवसात दोन दिवसांत रवाळ होतो, वर मखमलीसारखी लव दिसायला लागते, मग दांड्या एकमेकींपासून सुटतात. त्या मालाला बाजारात कोणी विचारत नाही. म्हणून फ्लॉवरच्या रानात काढणीच्या दिवसांत रोज फेरी हवी. सगळं रान एका दिवसात कापायची आपली पद्धत उसाची आहे. फ्लॉवरला ती लावू नका, तीन-चार तोडे करा.

गड्डा लिंबाएवढा दिसायला लागला की त्याच्याच बाहेरच्या पानांनी झाका. पानाची शीर मोडून वर पाडली तरी चालते, सुतळीनं बांधली तरी चालते. उन्हानं पिवळा पडत नाही. पण बांधलेलं पान उष्ण हवेत फार दिवस ठेवलं की आत दमट होऊन गड्डा डागाळतो, म्हणून चार-पाच दिवसांत उघडून बघाच. झाकलेल्या दिवसाप्रमाणं सुतळीचा रंग बदलला, की कुठली ओळ आधी बघायची ते लांबूनच कळतं.

कापायचं सकाळी दव सुकल्यावर, नाहीतर संध्याकाळी. ओला गड्डा पोत्यात भरला की सकाळपर्यंत वास येतो. विळा धारदार, काप एका दमात, आणि गड्ड्याभोवती दोन-चार पानं ठेवून. ती पानं वजनात जातात म्हणून तोडू नका. लक्ष्मीपुरीपर्यंतच्या प्रवासात गड्ड्याला लागणारा मार तीच खातात. घाण्या रोगाची झाडं असतील तर ती शेवटी कापा, नाहीतर विळ्यावरून रोग सगळ्या ओळीत फिरतो.

सरीवरंबा (करवीर)

कापल्यावर बुडखा तसाच ठेवला तर परत गड्डा येतो म्हणतात, ते खरं?

रोपवाटिका (हातकणंगले)

कोबीचा येतो. बुडख्यावर अधिकच्या चिन्हासारखी आडवी-उभी चीर दिली की बगलेचे डोळे फुटतात आणि मुठीएवढे तीन-चार गड्डे होतात. घरी खायला गोड लागतात, बाजारात त्यांना भाव नाही. तुमच्या उसात मात्र नको. बुडखे काढून बांधणीला रान मोकळं करा.

गच्चीबाग (राजारामपुरी)

एक शंका. कोबीचं बी घरी धरता येईल का? मोहरीचं, मुळ्याचं आम्ही धरतो.

कृषीपदवीधर (कोल्हापूर)

कोबीचं आपल्याकडं होत नाही. गड्डा झाल्यावर त्याला बरेच आठवडे खरी कडक थंडी मिळाली तरच तो फुलावर येतो. म्हणून त्याचं बी हिमाचलच्या कुलू खोऱ्यासारख्या डोंगरी भागात तयार होतं. कतराईनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र त्यासाठीच आहे. फ्लॉवरच्या लवकरच्या देशी गटाचं बी मैदानात धरतं, कारण हे पीक १८२२ मध्ये सहारनपूरला आलं आणि तिथून पुढं उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत ते उन्हाळी हवेला सरावलं. आज आपण कोल्हापुरात दिवाळीला फ्लॉवर खातो तो त्या निवडीमुळंच. मोहरी-मुळ्याचं बी जरूर धरा, फक्त दोन वाण एकाच वेळी जवळजवळ फुलू देऊ नका. मधमाश्या मिसळ करतात.

घनसाळ (आजरा)

सांगितल्याप्रमाणं परत आलो. फवारणीनंतरची नवीन पानं रुंद आणि सरळ निघालीत. जुनी तशीच आहेत. शेंडा गेलेली झाडं काढून टाकली, बाकीच्यांनी गड्डा धरलाय. सामू पाचच्या खाली निघाला. चुना आता घालू का पुढच्या वर्षी?

कृषीपदवीधर (कोल्हापूर)

छान बातमी. आता उभ्या पिकात नको. हे पीक निघालं की उन्हाळी नांगरटीच्या वेळी घाला, अहवालावर मात्रा लिहिली असेल तेवढाच. आणि त्या तुकड्यात पुढची तीन वर्षं कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांतलं काही नको. पावसाळ्यात तुमचा भात आहेच, त्यावर रब्बीला वाटाणा नाहीतर घेवडा घ्या. फ्लॉवरसाठी शेजारचा दुसरा तुकडा धरा, आणि त्याचीही माती आत्ताच तपासायला द्या.